साष्टीतले सावधपण

सोळाव्या शतकात येशूसंघात, म्हणजे जेझुइट पंथात, दाखल होणाऱ्या तरुणाला एक विलक्षण हिशेब शिकवला जाई. कागदावर आठवड्याच्या प्रत्येक वारासाठी दोन-दोन रेघा आखायच्या. स्वतःचा एक दोष निवडायचा. राग, गर्व, वाचाळपणा, जो असेल तो. सकाळी उठल्याबरोबर त्या दोषापासून जपून राहण्याचा निश्चय करायचा. दिवसभरात तो दोष डोके वर काढील त्या क्षणी छातीवर हात ठेवायचा. शेजारच्याला त्यात वेगळे काही दिसत नसे. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर गेलेला प्रत्येक तास आठवून पाहायचा आणि जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके रेघेवर द्यायचे. दुपारपेक्षा रात्री ठिपके कमी पडले का, कालच्यापेक्षा आज कमी पडले का, मागच्या आठवड्यापेक्षा या आठवड्यात कमी पडले का, असा ताळा घ्यायचा. संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात ही रीत नेमून दिली आहे.

बोहल्यावर ‘सावधान’ हा शब्द ऐकताच नारायण मांडवातून निघून गेला, ही समर्थांची आख्यायिका ज्या घरांत मुलांना सांगितली जाते त्या घरांतल्या माणसांना हा रेघांचा कागद परका वाटू नये. मनावर पहारा ठेवणे, घडलेल्या दिवसाची रात्री झडती घेणे, ही साधना कोणा एका धर्माची मिरासदारी नव्हे. माझे कुतूहल वेगळे आहे. असे कसून तयार झालेले तरुण जेव्हा आपले घर, देश आणि भाषा सोडून समुद्रापार परक्या लोकांत धर्मसेवेला जात, तेव्हा हे सावधपण तिथे कसे टिकत असे? आणि टिकले तर ते नेमके कशाविषयी सावध असे? या प्रश्नांचे उत्तर शोधायला आपल्याला रोमला जाण्याची गरज नाही. ते आपल्या शेजारी, गोव्याच्या साष्टी महालात, १५७९ ते १६१९ या चाळीस वर्षांत पडलेले आहे.

दोन समवयस्क

या कथेत दोन माणसे आहेत. पहिले रोडोल्फो आक्वाविव्हा. इटलीतल्या आत्री येथील ड्यूकच्या घरात १५५० साली जन्मले. ऐश्वर्य सोडून १५६८ मध्ये रोमच्या सांत आंद्रेआ या दीक्षाघरात दाखल झाले आणि १५७८ च्या सप्टेंबरात गोव्याला पोहोचले. दुसरे टॉमस स्टीफन्स, मराठी वाचकांचे फादर स्टीफन्स. जन्म इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात, सुमारे १५४९ चा. तेही १५७५ साली त्याच सांत आंद्रेआत दाखल झाले. म्हणजे दोघांनी एकाच छपराखाली, थोड्या वर्षांच्या अंतराने, तोच रेघांचा कागद हाती घेतला होता.

स्टीफन्स यांची पार्श्वभूमी मात्र निराळी होती. एलिझाबेथ राणीच्या इंग्लंडात कॅथलिक पूजाविधी करणे हा गुन्हा होता. त्यांचे स्नेही टॉमस पाउंड यांना याच कारणासाठी तुरुंगात पडावे लागले. दोघे मिळून रोमला जाण्याच्या तयारीत होते. पाउंड पकडले गेले आणि स्टीफन्स एकटेच निघाले. पुढे रोममधून त्यांनी आपल्या बंदिवान मित्राला गैरहजेरीतच संघात घ्यावे म्हणून अर्ज केला. स्वतःचा धर्म पाळणे म्हणजे लपून जगणे, हे त्यांनी वयाच्या पंचविशीत अनुभवले होते. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून पाच जहाजांचा ताफा निघाला. स्टीफन्स त्यात होते. २४ ऑक्टोबरला ते गोव्याला उतरले आणि १० नोव्हेंबरला त्यांनी वडिलांना सविस्तर पत्र लिहिले. हे पत्र पुढे हॅक्लुट यांच्या समुद्रप्रवासांच्या प्रसिद्ध संग्रहात छापले गेले, त्यामुळे आपल्याला वाचायला मिळते. धर्मप्रचारकाचे पत्र म्हणून कोणी ते उघडील तर चकित होईल. त्यात उपदेश फार थोडा आहे. वारा कुठे पडतो, होकायंत्राची सुई कुठे किती ढळते, पूर्व-पश्चिम अंतर मोजणे खलाशांना का जमत नाही, जमीन जवळ आल्याची खूण म्हणून कोणते पक्षी दिसू लागतात, जहाजामागून येणारे मासे कसे असतात, हे सारे त्यांनी टिपले आहे. हिरड्या सुजून कापाव्या लागणे, पाय सुजणे, अंग बधिर होणे, अशी दर्यावरच्या रोगाची लक्षणे त्यांनी लिहून ठेवली आहेत. दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि २७ दगावली. इतर सफरींच्या मानाने ही हानी लोकांना थोडीच वाटली, हेही ते नोंदवतात.

आपल्या मनाची झडती घ्यायला शिकलेल्या माणसाची नजर येथे बाहेर वळलेली दिसते. सहा महिने पाण्यावर काढताना ती मिटली नाही, की घाबरून प्रार्थनेच्या आड लपली नाही.

फत्तेपूरचा पाहुणा

स्टीफन्स गोव्याला उतरले तेव्हा शहरात एका वेगळ्याच तयारीची धांदल होती. अकबर बादशहाचे वकील गोव्यात आले होते. आपल्या धर्माची माहिती देऊ शकतील असे विद्वान पाद्री दरबारी पाठवावेत, असा बादशहाचा निरोप होता. या कामी तिघांची निवड झाली: आंतोनियो मोन्सेरात, फ्रान्सिस्को हेन्रिकेस आणि प्रमुख म्हणून अवघ्या एकोणतीस वर्षांचे रोडोल्फो. १७ नोव्हेंबर १५७९ रोजी ते निघाले. दोन्ही समवयस्क गोव्यात एकत्र होते ते त्या वेळी जेमतेम तीन-साडेतीन आठवडे.

फेब्रुवारी १५८० अखेर ही मंडळी फत्तेपूर सीक्रीला पोहोचली. बादशहाने त्यांचा मोठा आदर केला. त्यांनी नजर केलेले अनेक भाषांतले बायबलचे खंड त्याने मस्तकी लावले. इबादतखान्यात मौलवींशी रात्र रात्र वाद झाले. रोडोल्फो फारसी शिकले. दरबारच्या झगमगाटात त्यांनी उपवास, जागरणे आणि प्रार्थना सोडल्या नाहीत. मोन्सेरात यांचा या मोहिमेचा वृत्तांत उपलब्ध आहे, आणि त्या लेखणीने रोडोल्फो यांच्या वैराग्याला दिलेला मान खोटा वाटत नाही. बादशहाचे कुतूहल खरे होते, पण तो धर्म बदलणार नाही हे पुढे स्पष्ट झाले. सोबती एकेक करून दूर झाले आणि अखेरीस रोडोल्फो तिथे एकटेच उरले. मे १५८३ मध्ये ते गोव्याला परतले.

एक तरुण साधक या दृष्टीने पाहिले तर रोडोल्फो यांच्या सावधपणात उणे काढायला जागा नाही. मान मिळाला तेव्हा ते फुगले नाहीत आणि यश आले नाही तेव्हा खचले नाहीत. रेघांच्या कागदावर त्यांचे ठिपके फारच थोडे पडले असतील. परत आल्यावर त्यांच्यावर साष्टीच्या मिशनची जबाबदारी आली. आणि येथे त्या कागदाची मर्यादा उघडी पडली.

साष्टीची अवस्था

साष्टी महाल १५४३ साली पोर्तुगीजांच्या ताब्यात आला. पुढे बारदेश फ्रान्सिस्कन पाद्र्यांकडे आणि साष्टी येशूसंघाकडे अशी धर्मप्रसाराची वाटणी झाली. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन बसले. १५६७ च्या सुमारास साष्टीतली शेकडो देवळे पाडली गेली. लोकांनी देव उचलले आणि रातोरात नद्या ओलांडल्या. कुशस्थळीचा मंगेश अंत्रुज महालात गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. सीमाभागातल्या कितीतरी मराठी-कोकणी घराण्यांची कुलदैवते आज ज्या ठिकाणी आहेत ती त्यांची मूळ ठिकाणे नव्हेत, याचे कारण ही वर्षे होत. आपण जत्रेला जातो, नवस फेडतो, आणि या देवांनीही एके काळी बिऱ्हाड हलवले होते हे विसरून जातो.

साष्टीच्या दक्षिण टोकाला कुंकळ्ळी, असोळणे, वेळ्ळी, आंबेली आणि वेरोडा ही पाच गावे. येथले गावकर ताठ कण्याचे. त्यांनी पाडलेली देवळे पुन्हा उभारली आणि सरकारी सारा द्यायचे नाकारले. त्यांच्यावर लष्करी स्वाऱ्या झाल्या, देवळे पुन्हा पाडली गेली. या स्वाऱ्यांत येशूसंघाचे काही पाद्रीही सैन्याबरोबर होते. त्यांतले आफोन्सो पाशेको आणि पिएत्रो बेर्नो हे दोघे रोडोल्फो यांच्या नव्या कामात त्यांचे सहकारी झाले.

१५ जुलै १५८३, नव्या दिनगणनेनुसार २५ जुलै, या दिवशी रोडोल्फो, पाशेको, बेर्नो, आंतोनियो फ्रान्सिस्को आणि ब्रदर आरान्या असे पाच जण काही ख्रिस्ती मंडळींसह ओर्लीहून कुंकळ्ळीला आले. क्रूस उभारावा आणि चर्चसाठी जागा पाहावी असा बेत होता. गावकऱ्यांची बैठक बसली. शस्त्रे निघाली. बरोबरच्या एका पोर्तुगीजाने बंदूक रोखली तेव्हा पाशेको यांनी, आपण लढायला आलेलो नाही, असे म्हणून ती खाली करायला लावली, अशी संघाच्या वृत्तांतांत नोंद आहे. पाचही जण मारले गेले. त्यांच्याबरोबर तो पोर्तुगीज आणि चौदा स्थानिक ख्रिस्ती मरण पावले. त्यांत कोवळी मुलेही होती. प्रेते विहिरीत टाकण्यात आली. पोप तेरावे लिओ यांनी १८९३ साली या पाच जणांना धन्य म्हणून घोषित केले.

याची दुसरी बाजू तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. पोर्तुगीजांनी त्या गावांच्या सोळा नायकांना बोलणी करायची म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि विश्वासाने आलेल्या त्या माणसांना ठार केले. एक जण तेवढा नदीत उडी टाकून निसटला आणि कारवारकडे गेला, अशी हकीकत आहे. गावांच्या जमिनीवरचे हक्क गेले. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्याला गेली. आजही दर वर्षी फातर्प्याहून कुंकळ्ळीला देवीची मिरवणूक छत्र्यांनी येते. बारा वांगडांच्या बारा छत्र्या, गुलालाने माखलेली माणसे, वाजंत्री. लोक तिला ‘सत्र्यो’ म्हणतात. माहेराला आलेली देवी संध्याकाळी परत जाते. मारल्या गेलेल्या नायकांचे स्मारक मात्र कुंकळ्ळीत उभे राहायला २००३ साल उजाडावे लागले.

त्या जुलैच्या दिवशी गावात शिरणाऱ्या रोडोल्फो यांच्या मनात द्वेष नव्हता, हे मी सहज मान्य करतो. हातात शस्त्र नव्हते आणि मरणाचे भयही नव्हते. पण ही माती कोणाची, इथे काल काय पडले, माझ्या शेजारून चालणाऱ्या सहकाऱ्याला हे लोक कोणत्या प्रसंगाने ओळखतात, हे प्रश्न रेघांच्या कागदावर नव्हते. तो कागद ‘मी कुठे घसरलो’ एवढेच विचारीत होता. ‘मी कोणाच्या अंगणात उभा आहे’ हे विचारीत नव्हता. आपल्या मनाच्या दारावर अहोरात्र पहारा करणारा माणूस दुसऱ्याच्या दारातून सरळ आत चालत जाऊ शकतो, आणि तेही शांत चित्ताने. धर्मसेवेच्या इतिहासातली ही सगळ्यांत दुःखद शक्यता आहे.

एका पत्रात दोन गोष्टी

या घटनेनंतर तीन महिन्यांनी, २४ ऑक्टोबर १५८३ रोजी, स्टीफन्स यांनी पॅरिसला असलेल्या आपल्या रिचर्ड नावाच्या भावाला पत्र लिहिले. गोव्याला उतरून त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. कुंकळ्ळीत आपल्या बंधूंवर काय ओढवले हे त्यांनी त्यात कळवले. आणि त्याच पत्रात त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली: या देशात भाषा पुष्कळ आहेत, त्यांचे उच्चार कानाला कडू नाहीत, आणि त्यांची घडण ग्रीक आणि लॅटिन भाषांशी मिळतीजुळती आहे.

भाषाशास्त्राच्या इतिहासात या निरीक्षणाला मोठे स्थान आहे. संस्कृतचे ग्रीक आणि लॅटिनशी नाते असल्याचे सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात सांगितले ते १७८६ साली, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षांनी. परंतु माझे लक्ष वेधले जाते ते तारखेकडे. ज्या साष्टीत आपल्या संघाचे पाच जण नुकतेच मारले गेले, तिथल्याच लोकांच्या बोलण्यात, त्याच पावसाळ्यानंतर, हा माणूस विभक्ती आणि क्रियापदांची रूपे ऐकतो आहे. दुःखाने माणसाचे कान बंद होतात. वैराने तर ते हमखास बंद होतात. स्टीफन्स यांचे कान उघडे राहिले. मला वाटते, धर्मसेवेतल्या तरुणाचे खरे सावधपण म्हणतात ते हे.

त्याच वर्षाच्या अखेरीस राल्फ फिच, जॉन न्यूबरी आणि त्यांचे दोन सोबती असे चार इंग्रज गोव्यात हेर समजून तुरुंगात टाकले गेले. ज्या इंग्लंडने स्टीफन्स यांना परागंदा केले, त्याच इंग्लंडचे हे प्रजाजन. त्यांच्या सुटकेसाठी खटपट करणाऱ्यांत स्टीफन्स होते. तुरुंगात पडलेल्या माणसाचा पंथ कोणता, हे त्यांनी पाहिले नाही.

श्रोत्याचे सावधपण

स्टीफन्स यांनी उरलेले आयुष्य मुख्यतः साष्टीत काढले. ते कोकणी शिकले, मराठी शिकले. मराठी नुसती बोलण्यापुरती नव्हे; देवळांच्या सभामंडपांत पुराणिक जी वाचीत आणि श्रोते ज्या मराठीवर माना डोलावीत, ती ओवीची मराठी. एका इंग्रजाने ती इतकी आपलीशी केली की, मराठीच्या थोरवीविषयी त्याने रचलेल्या ओव्या शाळेतल्या पुस्तकांत आपण सर्वांनी वाचल्या.

‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापले गेले. दोन भागांत मिळून सुमारे अकरा हजार ओव्या. या ग्रंथाची रचना कशी आहे पाहा. पाद्री कथा सांगतात, श्रोते ऐकतात, आणि मधेच श्रोते प्रश्न विचारतात. आरंभीच एक नवख्रिस्ती विचारतो की, तुम्ही आमची जुनी पुराणे वाचायला बंदी केली, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरे काही का देत नाही? हा प्रश्न लेखकाने आपल्या ग्रंथात ठेवला, याचे मोल मोठे आहे. म्हणजे कोणीतरी हे खरोखर विचारले होते आणि कोणीतरी ते ऐकून घेतले होते. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले. ज्या शब्दाने लोकांच्या मनात काही हलते तो शब्द त्यांनी उचलला.

येथे हातचे राखून बोलण्यात अर्थ नाही. तो प्रश्नच सांगतो की या पुराणाची जागा आधी बळाने रिकामी करण्यात आली होती. देवळे पडली, पोथ्या गेल्या, म्हणून श्रोते नव्या पुराणाकडे वळले. स्वतःच्या देशात ज्यांची पूजा गुन्हा ठरली, ते दुसऱ्या देशात अशा सत्तेच्या छायेत राहिले की जिथे दुसऱ्यांची पूजा गुन्हा होती. ही दोन चित्रे शेजारी-शेजारी ठेवून पाहणे आपल्या वाट्याला आले आहे, आणि ‘ख्रिस्तपुराणा’च्या गोडव्याने त्यांतले एकही पुसू नये. कान उघडे ठेवल्याने माणूस आपल्या काळाच्या बाहेर जात नाही. पण त्या काळाच्या भिंतीला एक खिडकी पडते, एवढे खरे.

त्या खिडकीसाठी स्टीफन्स यांना किती झगडावे लागले, हे त्यांच्या १६०८ सालच्या एका पत्रावरून कळते. मलबारकडे तिथल्या लिपीत पुस्तके छापली गेली होती. १५७८ मध्ये कोल्लम येथे तमिळ लिपीत छापलेले छोटे पुस्तक प्रसिद्ध आहे. तशी या प्रांताच्या भाषेत आणि लिपीत पुस्तके छापलेली पाहावीत, ही आपली कित्येक वर्षांची इच्छा असल्याचे त्यांनी लिहिले. अडचणही सांगितली: युरोपात चोवीस अक्षरांचे साचे पुरतात, इथे जोडाक्षरे आणि काना-मात्रा धरून सहाशे लागतील, त्यावर तोडगाही त्यांनी सुचवला. हे पत्र त्यांनी रोममधल्या संघप्रमुखांना लिहिले. त्यांचे नाव क्लाउदियो आक्वाविव्हा. कुंकळ्ळीला मारल्या गेलेल्या रोडोल्फोंचे ते सख्खे काका. ज्या मातीत पुतण्या गेला तिथल्या लिपीसाठी साठीच्या घरातला एक पाद्री त्यांच्याकडे याचना करीत होता. साचे पडले नाहीत. देवनागरीच्या ऐवजी रोमन अक्षरांतच ‘ख्रिस्तपुराण’ निघाले आणि तीन वर्षांनी, १६१९ मध्ये, स्टीफन्स वारले. त्यांची कोकणीतली ‘दौत्रिन क्रिस्तां’ १६२२ साली आणि कोकणीचे व्याकरण १६४० साली, दोन्ही त्यांच्या मागे, रायतूरलाच छापली गेली.

पुढे वारे फिरले. २७ जून १६८४ रोजी पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की स्थानिकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. ज्या बोलीचे व्याकरण एका पाद्र्याने जिवापाड जपून लिहिले, तिच्यावरच त्याच सत्तेने पहारा बसवला. हुकूम कागदावर राहिला आणि कोकणी लोकांच्या तोंडी राहिली, हा भाग निराळा.

‘ख्रिस्तपुराण’ कसे वाचले याची कथाही सीमाभागातल्या वाचकाने ध्यानात घ्यावी अशी आहे. पहिल्या छापील आवृत्त्या नाहीशा झाल्या. हस्तलिखिते टिकली ती घरोघरच्या भाविकांनी नकला करून ठेवल्यामुळे, आणि त्यांतली महत्त्वाची कानडी मुलखातल्या किनाऱ्यावर. १९०७ साली जे. एल. साल्ढाणा यांनी ते मंगळूरला रोमन लिपीत छापले. लंडनच्या मार्सडन संग्रहात देवनागरी हस्तलिखित असल्याचे मराठी संतकवींचे अभ्यासक जस्टिन अ‍ॅबट यांनी १९२० नंतरच्या दशकात निदर्शनास आणले. शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुण्याहून संपूर्ण पुराण देवनागरीत आणले, आणि २००९ मध्ये फादर नेल्सन फलकाव यांची नवी आवृत्ती बंगळूरहून निघाली. विल्टशरच्या माणसाने गोव्यात रचलेला मराठी ग्रंथ मंगळूरने सांभाळला, पुण्याने देवनागरीत लिहिला आणि बंगळूरने पुन्हा छापला.

दोन पहारे

१९५६ या सालावर मी जरा थांबतो. त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या आणि आपल्यापैकी अनेकांची गावे ज्या बाजूला पडली त्या बाजूची झाली. तेव्हापासून आपणही सावधच आहोत. पाटीवर कोणती अक्षरे, शाळेत कोणते माध्यम, उताऱ्यावर कोणती भाषा, यांवर आपली नजर असते. ती असावी. ज्यांची भाषा कार्यालयातून हद्दपार होते त्यांना डोळा लागून चालत नाही, हे कुंकळ्ळीच्या गावकरांनी आपल्याला चांगले शिकवले आहे. त्यांचा पहारा मी कधीही उणा लेखणार नाही.

पण पहारेकऱ्याचे सावधपण आणि श्रोत्याचे सावधपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माणसाला दोन्ही लागतात. पहारेकरी दारापाशी उभा राहून आत काय शिरते ते पाहतो. श्रोता आपल्या दारातून बाहेर येऊन दुसऱ्याच्या ओट्यावर बसतो आणि तो काय म्हणतो ते ऐकतो. आपल्याकडचा पुराणिक कथेला आरंभ करताना श्रोत्यांकडे अवधान मागतो. त्या शब्दात ही दुसरी जागृती आहे. रोडोल्फो यांच्यापाशी पहिली होती, आणि ती इतकी प्रखर की मरणासमोरही ढळली नाही. स्टीफन्स यांच्यापाशी दुसरीही होती, म्हणून ते साष्टीत चाळीस वर्षे राहू शकले. धर्म पसरवण्याचे त्यांचे कार्य कोणाला पटो वा न पटो, ज्यांच्यात राहायचे त्यांचे बोलणे आधी मनापासून शिकायचे, हा त्यांचा धडा पटायला हरकत नसावी.

आज आपल्या घरांतली वीस-बावीस वर्षांची मुले-मुली नोकरीसाठी, शिक्षणासाठी, कोणी सेवाकार्यासाठी दूरच्या मुलखांत जातात. निघताना आपण त्यांना जपून राहा, वाईट संगत धरू नका, देवाचे नाव सोडू नका, असे सांगतो. ते सांगणे पहिल्या प्रकारचे आहे आणि ते योग्यच आहे. त्यात एका वाक्याची भर घालावी असे मला वाटते: जिथे जाल तिथली भाषा शिका, तिथल्या माणसांचे देव कुठून उठून कुठे गेले ते विचारा, आणि ऐकताना उत्तर देण्याची घाई करू नका. बेळगाव, कारवार किंवा मडगावच्या घरात वाढलेल्या मुलाला हे जड जाऊ नये. आई एका भाषेत हाक मारते आणि शेजारीण दुसऱ्या भाषेत, अशा अंगणात ते वाढलेले असते. ते अंगण हेच त्याचे दीक्षाघर आहे, एवढे त्याला कोणीतरी वेळेवर सांगायला हवे.